समुद्री शेवाळाची बाटली आणि पावसाचा खंड

आज एका बाटलीबद्दल बोलायचं आहे.

२०२३ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. लातूर जिल्ह्यात, निलंगा तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. धाकटा भाऊ ती कसतो. मी लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि बेंगळुरूत स्थायिक झालो. मी शेतीतज्ज्ञ नाही, साधा बी.एस्सी. झालेला माणूस आहे. पण भावाचा फोन आला की शेतात काय चाललंय ते कळतं, आणि न कळलेलं वाचून काढायची सवय नोकरीनं लावली आहे.

तो ऑगस्ट आठवत असेल तुम्हाला. देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. आमचं सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात. दुपारी पानं माना टाकायची, रात्री थोडी सावरायची. मग रात्रीही सावरेनाशी झाली. भाऊ दुकानात गेला आणि एक बाटली घेऊन आला. आत काळपट तपकिरी, दाट द्रव. झाकण उघडलं की मासळीबाजाराचा वास. वर लिहिलेलं 'सी-वीड एक्स्ट्रॅक्ट', म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क. दुकानदारानं सांगितलं होतं, "दुष्काळातलं टॉनिक आहे, दोन दिवसांत पीक उभं राहतं."

पीक उभं राहिलं नाही. फुलं गळाली, शेंगा निम्म्याही भरल्या नाहीत. भाऊ मला म्हणाला, "दादा, हे शेवाळाचं सगळं थोतांड आहे की काय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले. उत्तर "हो" नाही आणि "नाही"ही नाही. ते काय आहे, हेच आज सांगतो.

समुद्र नसलेल्या शहरात शेवाळ

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. जवळचा समुद्र अडीचशे किलोमीटरहून लांब. तरी शेवाळाच्या अर्काबद्दल विचारायला ही चांगली जागा आहे. हेब्बाळजवळ जी.के.व्ही.के. म्हणजे कृषी विद्यापीठ आहे, कोरडवाहू शेतीवरचं काम तिथं अनेक दशकं चालू आहे, आणि दरवर्षी मोठा कृषी मेळा भरतो. शेवाळाची शेती समुद्रात यंत्रानं करण्याच्या मागे लागलेली 'सी-सिक्स एनर्जी' ही कंपनीही याच शहरातली, २०१० साली सुरू झालेली. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटाजवळ तिचं समुद्रातलं शेत आहे. माझा कुठल्याही कंपनीशी संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि दुष्काळ? २०२३ मध्ये कर्नाटकानं २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. पुढच्या मार्चमध्ये बेंगळुरूतच पाण्याचे टँकर मिळेनात. सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या आटल्याचं सरकारनंच सांगितलं. आम्हा लातूरकरांना हे नवीन नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी होतं. पिण्याचं पाणी रेल्वेनं आणता येतं. पिकाचं पाणी कुठल्याच रेल्वेनं येत नाही, म्हणून तर बाटलीचा मोह होतो.

ही बाटली आली कुठून?

शेतात शेवाळ टाकणं जुनं आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये शेतकरी शतकानुशतकं वाहून आलेलं शेवाळ गाड्यांत भरून शेतात नेत. आयर्लंडच्या ॲरन बेटांवर तर उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळ यांचे थर देऊन लोकांनी मातीच तयार केली आणि त्यात बटाटे पिकवले.

ओलं शेवाळ मात्र जड. समुद्रापासून दूर न्यायला परवडत नाही. त्यातून द्रव अर्क निघाला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धात ब्रिटनला तागाची टंचाई पडली. ताग यायचा आपल्या बंगालमधून. रेजिनाल्ड मिल्टन या जीवरसायनशास्त्रज्ञानं शेवाळापासून धागा काढता येतो का ते पाहिलं. धागा काही धड जमला नाही, पण अल्कली घालून, उष्णता आणि दाब देऊन शेवाळ विरघळवण्याची रीत सापडली. १९५२ मध्ये त्या रीतीचं पेटंट झालं आणि 'मॅक्सिक्रॉप' नावानं अर्क बाजारात आला. तिथून हा व्यवसाय जगभर पसरला.

आज आपल्या दुकानात जे मिळतं त्यात प्रामुख्यानं दोन जातींचं शेवाळ असतं, आणि हा फरक लक्षात ठेवा.

पहिलं ॲस्कोफायलम. तपकिरी, थंड समुद्रातलं. कॅनडाचा पूर्व किनारा, आयर्लंड, नॉर्वे इथं खडकांवर वाढतं. हे आयात होतं.

दुसरं कप्पाफायकस. लाल शेवाळाच्या गटातलं, उष्ण समुद्रातलं. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपमच्या आसपास त्याची शेती होते. बांबूचा तीन मीटर बाय तीन मीटरचा तराफा, त्याला दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधलेले. सुमारे ४५ दिवसांत कापणी. हे काम मोठ्या संख्येनं बायका करतात, बचत गट करून. भावनगरची 'केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था' यामागे आहे. या संस्थेनं सोपी पण हुशारीची रीत काढली: शेवाळ वाळवायचं नाही, ताजंच पिळायचं. आपल्या गुऱ्हाळात ऊस पिळतात तसं. रस वेगळा, चोथा वेगळा. रस पिकाच्या फवारणीला, आणि चोथ्यातून कॅरॅजिनन काढायचं, जे आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करायला लागतं. इफ्कोचं 'सागरिका' आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलं असेल, त्यातही हे शेवाळ आहे.

तर बाटलीवर नुसतं 'सी-वीड' लिहिलेलं पुरेसं नाही. कुठलं शेवाळ, कशानं काढलेला अर्क, किती तीव्र? 'धान्य' म्हटल्यावर ज्वारी की तांदूळ हे जसं कळत नाही, तसंच हे.

पीक तहानतं तेव्हा आत काय होतं?

आता मुद्द्याकडे येऊ. मुळांना ओल कमी पडू लागली की झाड पानांना निरोप धाडतं. निरोप्याचं नाव ॲब्सिसिक आम्ल. हे एक संजीवक आहे. निरोप पोचला की पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटू लागतात. पाणी वाचतं.

पण त्याच छिद्रांतून झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं. दारं मिटली की स्वयंपाकघरात शिधा येणं बंद. ऊन मात्र तसंच पडत असतं. वापरता न येणारी ती ऊर्जा पेशींत घातक प्रकारचा ऑक्सिजन तयार करते, आणि तो हरितद्रव्य आणि पेशींची पातळ आवरणं जाळू लागतो. दुष्काळात पान पिवळं पडतं, करपतं, त्यात तहानेइतकाच या आतल्या जळण्याचा हात असतो.

झाडाकडे यावर उपाय असतात. प्रोलिनसारखे पदार्थ बनवून ते पेशीत पाणी धरून ठेवतं. घातक ऑक्सिजन विझवणारी विकरं बनवतं. मुळं खोल पाठवतं. पण हे सगळं करायला वेळ लागतो आणि आधी साठवलेली ताकद लागते.

शेवाळाचा अर्क इथं येतो. ॲस्कोफायलम भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहतं. रोज ओहोटीला काही तास ते उघड्यावर पडतं, वाळतं, आणि भरतीला पुन्हा भिजतं. तग धरण्यासाठी त्यात मॅनिटॉल, बीटेन आणि अल्जिनेट, फ्युकॉइडनसारख्या बहुशर्करा असतात. अर्कात यांचा अंश उतरतो. पण हिशेब करा: लिटरला दोन मिली अर्क टाकला तर हजार भाग पाण्यात दोन भाग. त्यातून पानाला मिळणारं अन्न नगण्य. एवढ्याशा मात्रेनं काही घडत असेल तर ते अन्न म्हणून नव्हे, इशारा म्हणून घडतं. झाडाला चाहूल लागते आणि ते स्वतःची बचावाची यंत्रणा आधीच जागी करतं.

हाच हिशेब दुसऱ्या एका शंकेचंही उत्तर आहे. "समुद्राचं मीठ पिकाला बाधेल ना?" असं पुष्कळजण विचारतात. सांगितलेल्या मात्रेत पाण्यात मिसळल्यावर मीठ फार थोडं उरतं. मात्रा मनानं दुप्पट-तिप्पट केली तर मात्र भीती खरी आहे.

लेहचा धडा

आमच्याकडे एक नियम आहे. मैदानी भागातून लेहला विमानानं उतरलेल्या जवानाला लगेच वर पाठवत नाहीत. पहिल्या टप्प्यात सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम, मग हळूहळू चालणं. आणखी वर जायचं तर पुढच्या टप्प्याचे चार दिवस, त्याहून वर आणखी चार. याला ॲक्लिमटायझेशन म्हणतात. या दिवसांत शरीर विरळ हवेशी जुळवून घेतं.

कितीही घाई असली तरी हे दिवस वाचवता येत नाहीत. आणि ज्याला वर जाऊन फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास सुरू झाला, त्याला "आता ॲक्लिमटायझेशन कर" असं सांगून उपयोग नसतो. त्याला ऑक्सिजन द्यायचा आणि खाली उतरवायचं.

शेवाळाचा अर्क म्हणजे पिकाचं ॲक्लिमटायझेशन आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हे. भावाची चूक इथं झाली. त्याला चूक तरी कशी म्हणू? त्याला तसंच सांगितलं गेलं होतं. रात्रीही न सावरणाऱ्या पिकावर त्यानं फवारलं. पर्णरंध्रं मिटलेली, पेशी थकलेल्या, मुळाशी ओल नाही. इशारा पोचला तरी त्यावर काम करायला झाडाकडे काही उरलंच नव्हतं. तेव्हा त्याला फक्त पाणी हवं होतं.

चाचण्या काय सांगतात?

इटलीतल्या संशोधकांचं २०१७ मधलं काम पाहा. मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप प्रयोगशाळेत नेहमी वापरतात. त्याला आधी ॲस्कोफायलमचा अर्क दिला आणि मग पाणी तोडलं. अर्क दिलेल्या रोपांनी ताण येण्याआधीच पर्णरंध्रं थोडी मिटवून घेतली होती. ती जास्त टिकली. इथं 'आधी' हा शब्द महत्त्वाचा.

अमेरिकेत फ्लोरिडात कुंडीतल्या संत्र्याच्या रोपांना गरजेच्या निम्मंच पाणी देऊन पाहिलं. अर्क मिळालेली रोपं अर्क न मिळालेल्यांपेक्षा चांगली वाढली. पण ती कुंडीतली होती, हेही लक्षात ठेवा. कुंडीत मुळं खोल जाऊ शकत नाहीत. आपल्या काळ्या जमिनीत जातात.

आपल्या कामाची चाचणी भावनगरच्या संशोधकांची, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली. पावसावरच्या सोयाबीनवर कप्पाफायकसचा रस फवारला. १५ टक्के तीव्रतेला धान्याचं उत्पादन ५७ टक्के वाढलं, साडेबारा टक्क्यांना ४६ टक्के. आकडे मोठे आहेत. पण १५ टक्के म्हणजे काय? १५ लिटरच्या पंपात सव्वादोन लिटर रस. आपण टाकतो ३० मिली. दुकानातला अर्क आटवलेला असतो, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना होत नाही, पण त्या ५७ टक्क्यांची जाहिरात ३० मिलीच्या बाटलीवर लावणंही बरोबर नाही. शिवाय कप्पाफायकसच्या रसात पोटॅश भरपूर असतं. वाढीत पोटॅशचा वाटा किती आणि बाकीच्या घटकांचा किती, हा प्रश्न उरतोच. पावसाचा खंड पडला की परभणीचं कृषी विद्यापीठ सोयाबीनवर पोटॅशियम नायट्रेटच्या एक टक्का फवारणीचा सल्ला देतं, १० लिटरला १०० ग्रॅम. तेही पोटॅशच.

माझा निष्कर्ष असा: शेवाळाचा अर्क हे थोतांड नाही. त्यामागे खरं विज्ञान आहे. पण फायदा शेवाळाची जात, अर्काची रीत, मात्रा, वेळ आणि जमिनीतली ओल या पाचांवर ठरतो. पाचांतलं एक चुकलं की बाटली वाया.

तीस हजार बाटल्या

मग इतकं वाया जाऊनही या बाटल्या खपतात कशा? याचं उत्तर मला एका साध्या हिशेबात सापडलं.

समजा एकरी एका फवारणीचा खर्च, औषध आणि मजुरी धरून, ६०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला साधारण ५३. खर्च भरून निघायला सव्वाअकरा किलो जास्त पिकलं पाहिजे. बाजारात भाव चार हजारांवर आला तर १५ किलो. एकरी सात क्विंटल पीक धरलं तर हा फरक जेमतेम दीड-दोन टक्क्यांचा.

दीड-दोन टक्के डोळ्यांना दिसतात का? एकाच शेतात बांधाकडचा आणि मधला भाग यांत याहून जास्त फरक असतो. म्हणजे फायदा झाला तरी दिसत नाही, आणि तोटा झाला तरी दिसत नाही. पीक चांगलं आलं तर श्रेय बाटलीला, वाईट आलं तर दोष पावसाला. सहाशे रुपयांसाठी कुणी तक्रार करायला जात नाही. पण एका हंगामात अशा चार-पाच बाटल्या घेतल्या तर? भावाच्या त्या वर्षीच्या पावत्या मी पाहिल्या. शेवाळ, ह्युमिक, अमिनो आणि आणखी दोन 'टॉनिकं'. बियाण्यापेक्षा टॉनिकांचा खर्च जास्त होता.

या उत्पादनांना कायद्यात 'बायोस्टिम्युलंट' म्हणतात, मराठीत जैव उत्तेजक. २०२१ पर्यंत त्यांना नीट कायदाच नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत आली. आता नोंदणीसाठी घटकांची माहिती, सुरक्षिततेच्या तपासण्या आणि पिकावरच्या चाचण्या द्याव्या लागतात. बरीच वर्षं तात्पुरत्या प्रमाणपत्रांवर विक्री चालू राहिली, ती मुदत जून २०२५ मध्ये संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की एके काळी अशी सुमारे ३० हजार उत्पादनं तपासणीविना विकली जात होती, नंतर आठ हजारांवर आली, आणि नियम कडक केल्यावर साधारण साडेसहाशे उरली.

हे आकडे शांतपणे पाहा. तीस हजारांतून साडेसहाशे. बाकीच्या बाटल्यांचे पैसे तुमच्या-माझ्या भावांनी दिले आहेत.

आणि 'लिंकिंग' तर तुम्हाला माहीतच आहे. युरियाची गोणी हवी तर सोबत ही बाटली घ्या. अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. पक्की पावती मागा. महाराष्ट्रात तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी, कर्नाटकात रैत संपर्क केंद्र, इथं लेखी तक्रार द्या. एकट्यानं जायला संकोच वाटत असेल तर चौघांनी मिळून जा.

मग करायचं काय?

क्रमानं सांगतो.

पहिलं, आधी ओल. आपल्याकडे जुनी म्हण आहे, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की त्यातून ओल उडते. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, पालापाचोळ्याचं आच्छादन, शेततळं असेल तर फुलोऱ्यात एक संरक्षित पाणी. यांची जागा कुठलीही बाटली घेऊ शकत नाही. बाटली हवीच असेल तर ती यांच्यानंतर.

दुसरं, वेळ. फवारायचं ते जमिनीत ओल असताना, पीक टवटवीत असताना. सोयाबीनला फुलोरा सुरू होण्याच्या थोडं आधी. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. खंडाचा अंदाज दिसला की तयारीला लागा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा. पानं रात्रीही सावरत नसतील तर बाटलीचे पैसे वाचवा आणि पाण्याची सोय पाहा.

तिसरं, लेबल. शेवाळाचं नाव, अर्काचं प्रमाण, कुठल्या पिकासाठी, किती मात्रा, नोंदणी, उत्पादनाची तारीख. यातलं काही नसेल तर बाटली परत ठेवा. पंपात चार औषधं एकत्र मिसळू नका, मग कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोरा पट्टा. संपूर्ण शेत फवारू नका. एकसारख्या जमिनीचा भाग निवडा, बांध सोडून. सहा-सहा ओळींचे सहा पट्टे आखा. एक आड एक तीन पट्ट्यांवर अर्क, बाकी तीनवर साधं पाणी. खुंट्या ठोकून ठेवा. काढणीला प्रत्येक पट्टा वेगळा मळा आणि वजन करा, वहीत लिहा.

तीनही जोड्यांत अर्काचा पट्टा वरचढ निघाला तर? नाणं तीनदा उडवून तिन्ही वेळा छापा पडण्याची शक्यता आठात एक असते. म्हणजे योगायोगानंही तसं होऊ शकतं. दुसऱ्या हंगामातही तिन्ही जोड्यांत तेच झालं तर ती शक्यता चौसष्टात एक उरते. मग विश्वास ठेवायला हरकत नाही. तीन जोड्यांत दोन इकडे, एक तिकडे झालं तर काहीच सिद्ध झालेलं नाही, असं समजा.

आमच्या शेताचा निकाल

आम्ही हे केलं. खरं तेच सांगतो. २०२४ मध्ये पट्टे आखले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, खंड असा पडलाच नाही. एका जोडीत अर्क पुढे, एकीत मागे, एकीत बरोबरी. २०२५ मध्ये पुन्हा आखले, तर सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. शेतात पाणी उभं राहिलं, पट्ट्यांच्या खुंट्याही वाहून गेल्या. दुष्काळातला उपाय तपासायला निघालो आणि दोन वर्षं दुष्काळच भेटला नाही. त्याबद्दल तक्रार कशी करणार?

पण एक फरक पडला. भाऊ आता दुकानात गेला की आधी लेबल वाचतो. पाच टॉनिकांवरून तो एकावर आला आहे, आणि तेही फक्त तीन पट्ट्यांपुरतं. वाचलेल्या पैशांतून त्यानं कोळपं दुरुस्त करून घेतलं. परवा फोनवर म्हणाला, "दादा, पट्टे यंदाही आखणार. खंड पडला तर कळेल, नाही पडला तर पिकंल."

आपल्या शेतात काय चालतं हे ठरवायचा हक्क दुकानदाराचा नाही, आणि माझ्यासारख्या बोलणाऱ्याचाही नाही. सहा पट्टे, एक वजनकाटा आणि एक वही असली की तो हक्क तुमच्याकडे येतो. हीच वही पुढच्या बाटलीलाही लावा. पुढच्या वर्षी शेवाळ जाईल आणि दुसरं काही येईल, नाव बदलेल, वहीचा हिशेब तोच राहील.

पुढच्या भागात शेततळ्यातलं पाणी नेमकं कधी सोडायचं, यावर बोलू. तोवर जमिनीतली ओल सांभाळा.

जय जवान, जय किसान. जय हिंद.